विमानाचा टायर एकाच कडेने का झिजतो?

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये टायरचेच प्रश्न जास्त होते. अमेरिकेत स्वतःचं किंवा भागीदारीत छोटं विमान ठेवणारी आपली मराठी मंडळी आहेत आणि इकडे बारामती, गोंदियाला फ्लाइंग शिकणारी पोरंपोरीही आहेत, त्यामुळे या महिन्याचं सगळं पान टायरलाच दिलंय. इंजिनाबद्दल लोक तासन् तास बोलतात पण टायरकडे फुटेपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जमिनीवरचं सगळं नियंत्रण त्या तीन टायरांच्या, म्हणजे पुढच्या नोजच्या एका आणि मागच्या दोन मेन टायरांच्या, तळहाताएवढ्या जागेवर असतं.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही चौघा मित्रांनी मिळून १९७७ ची सेसना १७२ एन घेतलीये, ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या एअरपोर्टवर असते. दोन्ही मेन टायर बाहेरच्या कडेने पार गुळगुळीत झालेत आणि आतल्या बाजूची नक्षी अजून नव्यासारखी आहे, डावा जरा जास्तच गेलाय. आमच्यातला एक म्हणतो आपली लँडिंगच वाईट आहेत, दुसरा म्हणतो अलाइनमेंट गेलीये, शिम (चाकाच्या जोडात घालायच्या पातळ पट्ट्या) बदलून घेऊ. मेकॅनिक म्हणतो सेसना आहे, असंच होतं, नवीन टायर टाका. नक्की कोणाचं ऐकायचं? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आधी काय बघायचं आणि नंतर काय हा क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात म्हणजे पहिला हात शिमलाच घालतात नाहीतर सरळ नवा टायर मागवून जुना टाकून देतात. माझं म्हणणं असं की झिजलेला टायर उतरवायच्या आधी त्याच्यासमोर खाली बसा, नीट बघा, हात फिरवा, कारण विमान जमिनीवर कसं वागतंय ते सगळं त्या रबरावर उमटलेलं असतं आणि टायर कचऱ्यात गेला की तो पुरावाही गेला.

आता तुमच्या विमानाबद्दल. सेसनाच्या मेन गिअरला मोटारीसारखं सस्पेन्शन नसतं, नुसती स्टीलची स्प्रिंग असते. स्प्रिंग स्टीलचा हा पाय स्टीव्ह विटमन या अमेरिकन माणसाने काढला आणि सेसनाने त्याच्याकडून लायसन्स घेऊन वापरला. १७२ ला आधी चपट्या पट्टीचे पाय होते, १९७१ च्या मॉडेलपासून गोल नळीचे आले, तुमचे ते नळीवाले. वजन आलं की हे पाय बाहेर फाकतात, वजन कमी झालं की परत आत येतात आणि पाय आत आला की चाकाचा खालचा भाग आत जातो, वरचा बाहेर कलतो. याला कॅम्बर म्हणतात. चाक असं कललेलं असलं की जमिनीला आधी आणि जास्त बाहेरची कड लागते.

इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तुमच्या १७२ एनचं कमाल वजन २३०० पौंड. विमान त्या वजनापर्यंत भरलेलं असताना पाय जिथवर फाकायला हवेत तिथवर फाकतात आणि चाकं बऱ्यापैकी सरळ उभी राहतात. पण भागीदारीतलं विमान असं किती वेळा उडतं? एकटा पायलट, टाक्या अर्ध्या, शनिवारी सकाळी एअरपोर्टभोवती सर्किट मारून खाली, परत वर, परत खाली. म्हणजे विमान कमाल वजनापेक्षा चार-पाचशे पौंड हलकं, पाय आत, चाकं कललेली, आणि टेकताना तर पंख अजून अर्धं वजन उचलून धरत असतात त्यामुळे त्या क्षणी चाक जास्तीत जास्त कललेलं असतं. थांबलेलं चाक एकदम पन्नासेक नॉटच्या वेगाला धावपट्टीवर टेकतं, गर्रकन फिरायला लागतं, तेवढ्यात ते जे रबर घासून ठेवतं ते बाहेरच्या कडेचं. तेव्हा तुमचा मेकॅनिक म्हणतो ते खरं आहे, हलकी उडणारी सेसना बाहेरची कड खातेच. पण "असंच होतं" म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण त्याच कडेवर अजून दोन कारणं लपलेली असू शकतात.

पहिलं म्हणजे हवा. तुमच्या मॉडेलला मेन टायर ६.००-६ चे, त्यात २९ पीएसआय हवा, नोजचा ५.००-५, त्यात ३१. नंतरच्या १७२ एसला मेनमध्ये ४२ आणि नोजमध्ये ४५ लागते, म्हणून शेजारच्या हँगरमधला माणूस सांगेल तो आकडा घेऊ नका, आपल्या विमानाच्या पुस्तकातला घ्या. हवा कमी असली की टायरचा मधला भाग उचलला जातो आणि दोन्ही खांदे घासतात, जास्त असली की मधला पट्टा जातो. आता कॅम्बरमुळे बाहेरच्या खांद्यावर आधीच भार आहे, त्यात हवा पाच-सहा पीएसआयने कमी, म्हणजे बाहेरचा खांदा दुप्पट मार खातो आणि आतला त्यामानाने वाचतो, आणि बघणाऱ्याला वाटतं अलाइनमेंट गेली. मला आलेल्या फोटोंमध्ये हा प्रकार बऱ्याचदा दिसतो, खासकरून ज्या विमानांना व्हील पँट, म्हणजे चाकावर बसवलेलं आवरण, आहे त्यांच्यात. त्या आवरणाच्या आत व्हॉल्व्ह कुठे लपलाय तो शोधायला विमान पुढेमागे ढकलावं लागतं, झाकण उघडावं लागतं, म्हणून महिना महिना कुणी हवा बघतच नाही. साध्या रबरी ट्यूबमधून हवा तशीही हळूहळू झिरपत असते. आणि थंडीचं वेगळंच. जुलैत ३० अंशाला ४२ पीएसआय भरलेला टायर जानेवारीत उणे १० अंशाला बघितलात तर एक कणही गळालेला नसताना ३५ च्या आसपास दाखवेल. ह्यूस्टनला एवढी थंडी पडत नाही हे मान्य, पण शिकागो, मिनेसोटाकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. हवा नेहमी टायर गार असताना बघायची, उडून आल्यावर किमान दोन-तीन तासांनी.

हवा बरोबर ठेवून महिना दोन महिने उडवा आणि मग दुसरं कारण तपासा, ते म्हणजे टो. दोन्ही चाकं पुढच्या बाजूने एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, बाहेर वळलेली असली तर टो-आऊट. टो-इन जास्त झालं तर बाहेरची कड जाते, टो-आऊटने आतली. मग कॅम्बरची झीज कुठली आणि टोची कुठली हे कसं ओळखायचं? तळवा टायरवर आडवा ठेवा आणि आतून बाहेर, मग बाहेरून आत असा फिरवा. विमानाच्या टायरवर गोलाकार सरळ पट्टे असतात. एका दिशेने हात मऊ जातो आणि दुसऱ्या दिशेने प्रत्येक पट्ट्याची कड करवतीसारखी बोटांना लागते, असं असेल तर चाक तिरकं ओढलं जातंय, म्हणजे टो बिघडलाय. दोन्ही दिशांनी हात सारखाच मऊ जात असेल आणि नुसता उतार झाला असेल तर तो कॅम्बर आणि हलकं वजन. फोटोत हे कळत नाही, हातालाच कळतं.

अजून एक बघता येतं. विमान वीस-पंचवीस फूट पुढे ओढा, थांबवा, दोन्ही मेन टायरमधलं अंतर टेपने मोजा. मग तेवढंच मागे ढकला आणि परत मोजा. टो-इन जास्त असेल तर पुढे जाताना चाकं एकमेकांकडे येतात, विमान थोडं उंच उभं राहतं, आणि मागे ढकलताना चाकं लांब पळतात, विमान बसतं. टो-आऊट असेल तर याच्या बरोबर उलट. फरक नजरेत भरण्याइतका असेल तर मग मेकॅनिककडून मोजून घ्याच.

मोजायची पद्धत साधी आहे पण ती पाळायला हवी. दोन्ही चाकांखाली दोन-दोन अॅल्युमिनियमच्या प्लेट, मधे भरपूर ग्रीस, म्हणजे पाय आपल्या मनाप्रमाणे सरकून स्थिर होतात, नाहीतर टायर जमिनीला चिकटून पाय ताणलेलाच राहतो आणि आकडा खोटा येतो. विमान थोडं हलवायचं, मग दोन्ही टायरच्या पुढे एक सरळ लांब पट्टी लावायची, त्या पट्टीला सुताराचा गुण्या लावून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर बघायचं. या सेसनांच्या मॅन्युअलमध्ये टो-इन शून्य ते ०.०६ इंच दिलंय, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. सुधारायचं असेल तर एक्सल चार बोल्टांनी पायाला जोडलेला असतो, त्या जोडात उताराचे शिम घालतात. कुठला शिम, जाड बाजू कुठल्या दिशेला, किती घालायचे, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो, तो सोडून अंदाजाने काही करायचं नाही. आणि हे काम तुमचं नाही. अमेरिकेत विमान देखभालीच्या नियमांतल्या पार्ट ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये मालक-पायलटला स्वतः करता येणाऱ्या कामांत टायर काढणं, लावणं, दुरुस्त करणं आहे, शिम बदलणं नाही. ते लायसन्सवाल्या मेकॅनिकने करून लॉगबुकात सही करायची.

राहिला डावा टायर जास्त का गेला. सुरुवात मी ब्रेकपासून करेन. विमान जॅकवर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवा, डावं जड फिरतं का बघा, कॅलिपर चिकटला असेल तर ते सतत घासत असतं. मग सवयीकडे बघा. तुमच्या धावपट्टीवरून बाहेर पडायचा टॅक्सीवे डावीकडे आहे का, आणि तिथे वेगात वळता का? नोजव्हील पेडलने साधारण १० अंशच वळतं, ब्रेक लावून ३० अंशांपर्यंत. पार्किंगमध्ये जागच्या जागी वळायला म्हणून लोक डावा ब्रेक दाबून चाक रोखून धरतात आणि विमान त्या चाकाभोवती फिरवतात, एवढ्या एका वळणात रबराचं जेवढं पीठ होतं तेवढं बऱ्याच लँडिंगमध्ये होत नाही. वाऱ्याचंही बघा, जवळजवळ रोज एकाच बाजूने वारा असेल आणि विमान थोडं तिरकं सरकत टेकत असेल तर एकच बाजू मार खाणार. चौघंजण उडवता तर चौघांनीही एकमेकांबरोबर बसून हे बघा, भांडण न करता.

आणि एक गोष्ट तातडीची. झीज वर्षानुवर्षं सारखी होती आणि एकदम एका बाजूने सुरू झाली असं असेल तर मधे कुणाचं तरी हार्ड लँडिंग झालंय असं धरून चाला. एक्सल वाकलाय का, पाय जिथे विमानाच्या धडाला जोडलाय तिथले बोल्ट, आसपासची पत्र्याची रिव्हेट हललीत का, हे तपासल्याशिवाय पुढचं उड्डाण नको.

प्रश्न : बाहेरची कड गेली की डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं तर चालेल का? मोटारीचे टायर आपण असेच फिरवतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : चाक तसंच्या तसं बदलून उपयोग नाही. ब्रेकची डिस्क चाकाच्या आतल्या बाजूला असते, ती दुसऱ्या पायावर गेल्यावरही आतच राहणार, म्हणजे झिजलेली कड परत बाहेरच. त्यासाठी टायर रिमवरून उतरवून उलटा करून बसवावा लागतो, आणि सेसनावाल्यांनी हे करायलाच हवं असं माझं मत आहे. बाहेरचा खांदा साधारण अर्धा गेला की टायर उलटा करा, म्हणजे शिल्लक रबर बाहेर येतं. अगदी दोरे दिसेपर्यंत थांबलात तर उलटा करायला काही उरत नाही.

हे करताना जी गोष्ट जीव घेऊ शकते ती आधी सांगतो. विमानाच्या चाकाची रिम दोन अर्ध्या भागांची असते, ते भाग लांब बोल्टांनी एकमेकांना आवळलेले असतात आणि आतली हवा त्यांना एकमेकांपासून लांब ढकलत असते. हवा पूर्ण सोडून, व्हॉल्व्हचा कोर काढून मगच बोल्टला पाना लावायचा. एक्सलचा नट काढायच्या आधीच हवा सोडली तर उत्तम. हवा असताना बोल्ट सैल केले तर रिमचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात, आणि यात माणसं मेलेली आहेत.

बाकीचं निवांतपणे करायचं काम. ट्यूबला टाल्कम पावडर लावा म्हणजे ती आत चिमटत नाही. टायरच्या साइडवॉलवर लाल ठिपका असतो, ती टायरची सगळ्यात हलकी जागा, तो ठिपका व्हॉल्व्हसमोर यायला हवा, आणि ट्यूबवर जड जागेची वेगळी खूण असेल तर त्या खुणेसमोर. टायर उलटा केला की ठिपका आतल्या बाजूला जातो आणि दिसत नाही, म्हणून उतरवायच्या आधीच दुसऱ्या साइडवॉलवर त्याच्यासमोर खडूने खूण करून ठेवा. रिमचे बोल्ट किती टॉर्कने आवळायचे ते बऱ्याच चाकांवर लेबललाच लिहिलेलं असतं, ते वाचा, हाताच्या अंदाजाने आवळू नका. नवा टायर असेल तर पहिल्या दिवसात तो ताणतो आणि हवा उतरते, दुसऱ्या दिवशी परत बघायची.

प्रश्न : सर मी बारामतीला ट्रेनिंग करतेय, सेसना १७२ वर. आमच्या एका विमानाच्या उजव्या टायरवर एकाच जागी मोठा चपटा डाग पडलाय, बाकी टायर चांगला आहे. टॅक्सी करताना धक् धक् असं लागतं. इन्स्ट्रक्टर सगळ्या बॅचला ओरडले की कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून उतरतंय. खरंच एका लँडिंगमध्ये एवढं होतं का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : होतं गं. काही सेकंद पुरतात. टेकल्यावर लगेच पंखांत अजून बरीच लिफ्ट असते, टायरवर विमानाचं पूर्ण वजन आलेलंच नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी पेडलच्या वरच्या भागावर, जिथे ब्रेक असतो, बोटं दाबली गेली की चाक फिरायचं थांबतं आणि विमान त्या एकाच जागेवर घसटत जातं. लक्षातही येत नाही कारण क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, आपण उजवा रडर जोरात दाबत असतो आणि पाय नकळत वर सरकलेला असतो, मग तेवढ्या बाजूचाच ब्रेक लागतो. म्हणून फायनलवरच, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरत येतानाच, सवयीने टाचा खाली जमिनीवर टेकवायच्या, पावलं पेडलच्या खालच्या भागावर. टेकल्यावर नोज खाली येऊ दे, वेग थोडा उतरू दे, मग पाय वर घेऊन दोन्ही ब्रेक सारखे आणि हळूहळू, योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे धरून. बारामतीची धावपट्टी १७२ साठी भरपूर लांब आहे, पहिल्या टॅक्सीवेला बाहेर पडायची घाई कशाला.

पण तुझ्या इन्स्ट्रक्टरना आदराने एक गोष्ट नक्की विचार, की हा डाग एका दिवसात आलाय की हळूहळू वाढलाय? कारण ब्रेक न लावताही एकाच जागी चपटा डाग पडू शकतो आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. चाक बॅलन्स नसेल तर टेकऑफनंतर ते फिरत फिरत थांबतं आणि जड बाजू आपोआप खाली येऊन स्थिर होते. मग प्रत्येक लँडिंगला तीच जागा पहिली टेकते. दिवसभर टच अँड गो, म्हणजे टेकून लगेच परत उड्डाण, करणाऱ्या ट्रेनिंगच्या विमानात ती जागा किती वेळा घासली जात असेल ते तूच बघ. त्या टायरचा लाल ठिपका कुठे आहे बघ, व्हॉल्व्हपासून लांब बसवला असेल तर संशयाला जागा आहे. ब्रेकच्या घसटीचा डाग एकदम खोल, कडा स्पष्ट, त्यावर एकाच दिशेने ओरखडे. बॅलन्सचा डाग पसरट, उथळ, आणि आठवड्या-आठवड्याने वाढत जाणारा. पावसात चाक लॉक झालं तर आणखी वेगळं दिसतं, तिथलं रबर वाफेने शिजल्यासारखं चिकट, लंबगोल होतं.

कुठल्याही प्रकारचा असो, प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, दिसला की आधी एएमईला (मेंटेनन्स इंजिनियरला) दाखवायचं. आणि प्रीफ्लाइटला टायरची जमिनीला टेकलेली बाजू दिसत नाही हे विसरू नकोस. चाक अर्धा फेरा फिरेल इतकं विमान पुढे ढकलून घे आणि लपलेली बाजू पण बघ. चाळीस डिग्री उन्हात अॅप्रनवर हे करायचा कंटाळा येतो मला कळतं, तरी कर.

प्रश्न : माझ्याकडे पायपर चेरोकी आहे. तुमचे सेसनाचे सगळे नियम तिलाही लागू का? माझा फक्त उजवा टायर आतून झिजतोय. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : नाही, चेरोकीचा पाय वेगळा. तिथे ऑइल आणि हवा भरलेला ओलिओ स्ट्रट जवळपास सरळ वरखाली होतो, त्यामुळे हलकं विमान म्हणून चाक कललं असं फारसं होत नाही. तिच्यात मी आधी दोन्ही स्ट्रट किती उघडे आहेत ते बघेन. टाक्या भरलेल्या असताना मेनचा चकचकीत भाग साधारण साडेचार इंच दिसायला हवा, दोन्हीकडे सारखा. एक स्ट्रट बसला असेल तर विमान त्या बाजूला झुकतं आणि भार सगळा तिकडे. त्यानंतर कात्रीसारखे जे दोन दुवे स्ट्रटला वळू देत नाहीत, ते टॉर्क लिंक. चाक पुढून आणि मागून दोन्ही हातांनी धरा आणि हलवून बघा, बुशिंग आणि बोल्ट झिजले असतील तर चाक खुळखुळतं, आणि असं सैल चाक पळताना सरळ राहत नाही. टो सुधारण्याची सोयही तिथेच आहे, दोन लिंकच्या जोडात वॉशर घालून किंवा काढून. पण बुशिंग सैल असताना वॉशरचा खेळ करणं म्हणजे पैसे वाया. एकच चाक आतून झिजतंय म्हणजे त्याच पायात काहीतरी आहे, आणि माझा पहिला संशय त्या लिंकवर आहे.

प्रश्न : मी घरी बांधलेलं टेलव्हील विमान (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) उडवतो. टायर बाहेरून झिजतात म्हणून टो-आऊट वाढवून घ्यावं असं काहीजण म्हणतात, काहीजण म्हणतात टो-इन ठेव, विमान सरळ पळेल. (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : इथे टायर वाचवायचा विचार दुसरा, आधी ग्राउंड लूपचा, म्हणजे जमिनीवर पळताना विमान गर्रकन स्वतःभोवती फिरण्याचा, विचार. टेलव्हील विमानाचं वजनाचं केंद्र मेन चाकांच्या मागे असतं, त्यामुळे शेपूट एकदा बाजूला निघाली की ती आणखी बाजूला जायला बघते. टो-इन जास्त असेल आणि विमान डावीकडे वळायला लागलं तर भार उजव्या चाकावर जातो, आणि ते उजवं चाक आधीच डावीकडे तोंड करून आहे, म्हणजे ते वळण अजून वाढवतं. ज्यांनी "सरळ पळेल" म्हणून सांगितलं त्यांनी नोजव्हीलच्या विमानाचा अनुभव इकडे लावलाय. टेलव्हीलला शून्य किंवा अगदी किंचित टो-आऊट, डिझायनरने जे दिलंय त्याच्या आत. खूप टो-आऊटही नको, मग विमान प्रत्येक धक्क्याला इकडेतिकडे हुंगत चालतं आणि टायर आतून जातात.

मोजताना एक खुबी आहे. चाकाला कॅम्बर असेल तर शेपूट वर उचलल्यावर आणि खाली ठेवल्यावर टोचा आकडा बदलतो, कारण अख्खा एक्सलच विमानाबरोबर फिरतो. म्हणून प्लॅनमध्ये कुठल्या स्थितीत मोजायला सांगितलंय ते बघा, आणि मी तर म्हणेन दोन्ही स्थितीत मोजून वहीत लिहून ठेवा. टो बरोबर असूनही बाहेरची कड जात असेल तर ती झीज सोसा, टायर उलटा करत राहा. टायरसाठी विमानाचं जमिनीवरचं वागणं बिघडवू नका, कळकळीने सांगतोय.

प्रश्न : खोबणीत अजून खोली असताना टायर टाकून द्यायला लागतो का? आणि रिट्रेड केलेला, म्हणजे वरून नवं रबर चढवलेला जुना टायर लावला तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कुठल्याही एका जागी खोबणीचा तळ लागला की टायर गेला, सरासरी काढायची नाही. पण एका कडेने झिजणाऱ्या टायरमध्ये फसवणूक अशी होते की सगळ्यात बाहेरच्या खोबणीच्याही पलीकडे जो खांदा असतो, तिथे खोबणीच नाही. खोबणी मोजली तर छान खोली दाखवते आणि दोन बोटं पलीकडे रबर कागदाएवढं राहिलेलं असतं. म्हणून तिथे डोळ्यांनी बघायचं, रबराचा पोत बदलला किंवा दोऱ्यांची जाळी दिसायला लागली की त्याच दिवशी टायर खाली.

रिट्रेड बिनदिक्कत चालतो, मोठमोठ्या एअरलाइन्सही रिट्रेड टायर वापरतात. मान्यताप्राप्त ठिकाणचा घ्या आणि व्हील पँट असतील तर चाक फिरवून सगळीकडे मोकळी जागा आहे का बघा, कारण रिट्रेडचा घेर कधीकधी थोडा जास्त भरतो.

पावसाळ्याआधी मात्र जुने टायर ताणत बसू नका. पाण्यावरून टायर तरंगायला लागतो तो वेग नॉटमध्ये काढायचा ढोबळ हिशोब म्हणजे पीएसआयमधल्या हवेच्या वर्गमुळाला ९ ने गुणायचं. ४२ पीएसआयला तो ५८ नॉट येतो, २९ ला ४८ च्या जरा वर, आणि चाक अजून फिरायला लागलेलं नसेल तर त्याहूनही कमी. म्हणजे १७२ ज्या वेगाला टेकते त्याच्याच आसपास. पाणी बाजूला काढायला खोबणी लागते आणि हा वेग वर ठेवायला पूर्ण हवा लागते, त्यामुळे धुळे, बारामती, गोंदिया, कुठेही असाल तरी जूनचा पहिला पाऊस यायच्या आधी मेन आणि नोज तिन्ही टायर एकदा जॅकवर घेऊन पूर्ण फिरवून बघा, हवा भरून घ्या, आणि ज्या टायरबद्दल मनात शंका आहे तो मे महिन्यातच बदलून टाका.